विषाला औषध म्हणू नका

(पावसाळ्याआधीच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी झालेलं बोलणं. बोलण्यात होतं तसंच शक्यतो उतरवून घेतलं आहे. ज्यांना वाचता येतं त्यांनी पाड्यावर बसून बाकीच्यांना वाचून दाखवावं.)

बायांनो, भावांनो, म्हाताऱ्या आयांनो आणि मागं उभ्या असलेल्या पोरांनो,

काल दिवसभर आपण जमिनीवर बोललो. प्लॉट कुणाचा, दंडाच्या पावत्या कुणाकडं हायेत, पंचनामा कधी झाला, हे सगळं झालं. ते बोलणं थांबणार नाही, जमीन नावावर होईस्तोवर ते चालूच राहील. पण आज मला पुढचं विचारायचं आहे. जमीन हातात आली, मग तीत पेरायचं काय? पेरलेल्यावर शिंपडायचं काय? आणि त्यातलं पोरांच्या ताटात येणार काय? हे जर दुसराच कुणी ठरवणार असेल, तर सातबारा आपला आणि शेत दुसऱ्याचं, असं होईल.

पहिली गोष्ट एका शब्दाची. आपण फवारणीच्या डब्याला काय म्हणतो? औषध. "भातावर औषध मारलं." "औषध आणायला बाजारात गेला." ताप आला की दवाखान्यातून आणतो तेही औषध आणि किडा मारायला आणतो तेही औषध. एकाच घरात, एकाच फळीवर, एकाच नावाच्या दोन बाटल्या. एकीनं पोर बरं होतं आणि दुसरीनं मरतं. आता पोरानं ओळखायचं कसं? दुकानदार औषध म्हणतो, शेतकी खात्याचा माणूस औषध म्हणतो, म्हणून आपणही म्हणतो. पण ते जे काम करतं ते काम विषाचं आहे. जीव मारायला बनवलेलं आहे ते. किड्याचा जीव लहान म्हणून थोडं लागतं, माणसाचा मोठा म्हणून जास्त लागतं, एवढाच फरक. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की आजपासून आपल्या पाड्यांवर त्याला विष म्हणायचं. ज्याला वापरायचं तो वापरील, पण नाव खरं घेऊन वापरील. नाव खरं घेतलं की हात आपोआप जपून चालतो.

आता एक लांबच्या देशाची गोष्ट सांगतो. गोष्ट खरी आहे, आणि ऐकताना तुम्हाला वाटंल की ही आपल्याच तालुक्यातली आहे.

इराक म्हणून देश आहे. तिथं १९७१ च्या आधी पाऊस नीट झाला नाही, पीक बुडालं, लोकांकडं बियाणं उरलं नाही. सरकारनं बाहेरच्या देशांतून बियाणं मागवलं. मुख्यत: मेक्सिकोहून गहू आला, शिवाय जव आला, सगळा मिळून सुमारे ९५,००० टन. हे बियाणं पेरण्यासाठी होतं, खाण्यासाठी नव्हतं. जमिनीत बुरशी लागू नये म्हणून त्याला पाऱ्याचं विष चोळलेलं होतं. विष लावलंय हे कळावं म्हणून वर लालसर रंग दिला होता. गोण्यांवर सूचनाही छापली होती, खाऊ नका म्हणून. म्हणजे कागदावर बघाल तर सगळं बरोबर केलेलं होतं.

पण सूचना होती स्पॅनिश आणि इंग्रजी भाषेत. वाचणारा शेतकरी अरबी नाहीतर कुर्दी बोलणारा, आणि पुष्कळांना आपल्या भाषेतही वाचता येत नव्हतं. गोणीवर कवटी आणि हाडांचं चित्र होतं, तर त्या चित्राचा अर्थ विष असा होतो हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आणि सगळ्यात वाईट म्हंजे पुष्कळ गावांत बियाणं पोचलं तेव्हा पेरणी होऊन गेली होती. घरात खायला नाही, पेरायची वेळ टळलेली, आणि दारात गव्हाच्या गोण्या उभ्या. माणसानं करायचं काय? त्यांनी गहू दळला आणि भाकरी केल्या.

ते लोक काही बावळट नव्हते. त्यांनी खात्री करून बघितली. आधी धुतला. धुतल्यावर लाल रंग निघून गेला, म्हणून समजले की विष गेलं. पण रंग म्हंजे विष नव्हतं. रंग पाण्यानं गेला, पारा दाण्यात राहिला. काही जणांनी आधी कोंबड्यांना, जनावरांना घालून बघितला. कोंबड्या दोन दिवस, चार दिवस चांगल्या चालल्या. मग म्हणाले, काही होत नाही, खा. पण पाऱ्याचं हे विष लगेच दिसत नाही. दोन-तीन आठवडे, कधी महिन्याच्या वर जातो, आणि मग हातापायाला, ओठाला मुंग्या येतात. चालताना तोल जातो. बोलणं जड होतं. नजर आक्रसते, म्हंजे पुढचं दिसतं आणि बाजूचं दिसत नाही, मग काहींची सगळीच जाते. तोवर महिनाभर भाकरी खाऊन झालेली असते.

डिसेंबर १९७१ च्या शेवटी पहिले आजारी दवाखान्यात आले. पुढच्या काही महिन्यांत ६,५३० माणसं दवाखान्यात भरती झाली आणि त्यांतली ४५९ मेली. हा आकडा फक्त दवाखान्यात पोचलेल्यांचा. जे गावातच मेले त्यांची मोजदाद यात नाही. गरोदर बायांनी खाल्लं, त्यांच्या पोटातल्या पोरांना लागलं. आई चालती फिरती आणि पोर जन्मत:च अधू, असं झालं. आणि ही पहिली वेळ नव्हती. त्याच देशात १९५६ मध्ये आणि १९६० मध्ये असंच पाऱ्याचं बियाणं खाऊन माणसं मेली होती. दोनदा घडलेलं तिसऱ्यांदा घडलं.

सरकारला कळल्यावर त्यानं काय केलं? हुकूम काढला, जो बियाणं विकंल त्याला मरणाची शिक्षा. लोक घाबरले आणि कित्येकांनी उरलेलं धान्य नदीत टाकून दिलं. म्हंजे घरातलं विष नदीत गेलं. धाक दाखवून माणूस लपवायला शिकतो, सावध व्हायला शिकत नाही.

आता आपल्याकडं बघू या. एकेक खुंटी मोजा.

बियाणं उशिरा येतं का? येतं. योजनेतलं बियाणं आषाढात रोपं वर आल्यावर मिळालंय, हे इथं बसलेले किती तरी जण सांगतील. मग ते पोतं घरात पडून राहतं. भादव्यात कणगी रिकामी झाली की नजर त्याच पोत्याकडं जाते.

बियाण्याला विष लावलेलं असतं का? असतं. पिशवीतलं संकरित ज्वारीचं, मक्याचं, भाताचं बियाणं उघडून बघा. गुलाबी, लाल, हिरवट, निळं दिसतं. तो रंग म्हंजे खूण आहे, की याला बुरशीचं नाहीतर किड्याचं विष चोळलंय.

भाषा आपली असते का? मराठी लिहिलेली असंल तर नशीब. आणि मराठी आली तरी घरात आपण वारली बोलतो, कोकणी बोलतो, पावरी बोलतो, कोरकू बोलतो, गोंडी बोलतो. म्हातारीला ते वाचून कोण दाखवणार?

आणि रंगाचं तर विचारूच नका. साहेबाला वाटतं लाल रंग म्हंजे धोका. आपल्याकडं लाल म्हंजे काय? शेंदूर. वाघदेवाला शेंदूर लावतो, गावदेवीला लावतो. कपाळाला कुंकू लावतो. लाल म्हंजे आपल्याकडं देवाची खूण, शुभाची खूण. ज्याची खूण त्याला कळते, दुसऱ्याला नाही. खूण करणाऱ्यानं आधी येऊन विचारायला पाहिजे, की बाबांनो, तुमच्याकडं मरणाचा रंग कोणता?

म्हणून पक्कं ध्यानात धरा. रंगीत बियाणं धुऊन चालत नाही, उकडून चालत नाही, भाजून चालत नाही. कोंबडीला घालून बघणं ही परीक्षा नव्हे. ते पेरायचं, नाहीतर परत करायचं. खायचं नाही, दळायचं नाही, जनावराला घालायचं नाही, ओढ्यात टाकायचं नाही.

इथं कुणी म्हणंल, मग नवीन ते सगळं वाईट आणि जुनं ते सगळं चांगलं. असं नाही. तेही सांगतो, कारण अर्धं खरं सांगणं हेही खोटंच.

१९७४ साली पावसाळा संपता संपता आपल्या शेजारी, गुजरातेत पंचमहालात आणि राजस्थानात बांसवाडा-डुंगरपूरकडं, अवेळी पाऊस झाला. तिथले लोक आपलेच, भिल्ल. मका हे त्यांचं पोट. कणसं ओली राहिली, ओलीच घरात भरली, त्यांना बुरशी आली. खायला दुसरं नव्हतं, म्हणून तोच मका खाल्ला. मग डोळे पिवळे पडले, पोटं फुगली, पाय सुजले. दीडशेच्या वर गावांत हा रोग पसरला. जितक्यांची नोंद झाली ती ३९७ माणसं, त्यांतली १०६ मेली. त्याच घरांतली कुत्री तीच भाकरी खात, तीही तशीच पोटं फुगून मेली. हे विष कुठल्या कंपनीनं लावलेलं नव्हतं. ते बुरशीनंच केलं होतं. अफ्लाटॉक्सिन म्हणतात त्याला. ओला मका, ओला भुईमूग यांच्यावर ती बुरशी येते. भाजल्यानं, शिजवल्यानं ते विष सगळं जात नाही.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, घरचं पीक म्हणून डोळे झाकून खायचं नाही. बुरशी आलेलं, काळं-हिरवं पडलेलं, कडू लागणारं धान्य बाजूला काढायचं. दुसरी, पाड्यावर कुत्री एकदम मरायला लागली, चार घरांत एकदम कावीळ दिसली, तर ते नुसतं नशीब म्हणून सोडायचं नाही. कुणी काय खाल्लं हे विचारायचं आणि लगेच कळवायचं. गावात कुत्रं मेल्याची खबर आधी आपल्याला लागते, तालुक्याला नाही. आपलीच खबर पहिली असते.

आता मला सांगा, विषारी चीज सांभाळून खायला आपण कुणाकडून शिकलो? शेवळं घ्या. पहिला पाऊस पडला की शेवळं निघतात. नुसती शिजवून खाल्ली तर घसा असा खाजतो की माणूस पाणी पाणी करतो. म्हणून त्यात काकडं घालतो, काकडाच्या झाडाची आंबट फळं. शेवळं खुडणारी बाई बाजारात वाटा लावते तेव्हा शेवळांच्या वाट्याबरोबर काकडंही ठेवते. बघा, ही केवढी मोठी गोष्ट आहे! ज्यानं घसा खाजतो त्याच्याबरोबर त्याचा उतारा एकाच वाट्यात. शहरातली गिऱ्हाईक बाई विचारते, "हे काय गं?" तर आपली बाई तिला सगळं सांगते, कसं चिरायचं, किती घालायचं, घालायचं विसरलीस तर काय होईल. तिथं छापील काही नाही. पण सूचना पोचते, कारण विकणारी आणि घेणारी समोरासमोर बसलेल्या आहेत, आणि विकणारीनं स्वत: ते खाल्लेलं आहे.

कडू कंदांचंही तसंच. काही कंद असे आहेत की नुसते खाल्ले तर माणूस ओकतो, भोवळ येते, जिवावर बेततं. म्हाताऱ्या काय करतात? पातळ काप करतात, राखेच्या पाण्यात उकडतात, टोपलीत भरून वाहत्या पाण्यात ठेवतात, चव बघून मगच खातात. घाई करत नाहीत. पोरगी पाच-सात वर्षांची असल्यापासून आजीबरोबर जाते, वेल ओळखते, पान ओळखते, कोणता कंद घ्यायचा नि कोणता नाही ते हातानं शिकते. याला कुणी विज्ञान म्हणत नाही, पण विज्ञान दुसरं काय असतं? धोका ओळखला, त्यावर उपाय शोधला, उपाय पुन्हा पुन्हा करून बघितला, आणि पुढच्या पिढीला चुकता शिकवला नाही. उपाशी पोटानं घाई केली तरच अपघात झालेत.

आता हे ताडून बघा. शेवळंवाली जेवढं सांगते तेवढं विषाचा डबा विकणारा सांगतो का? तो उतारा बरोबर देतो का? त्यानं स्वत: कधी पाठीवर पंप घेतलाय का?

सरकारनं या बाबतीत काहीच केलं नाही असं नाही. १९५८ साली केरळात अन्नातून विषबाधा होऊन शंभरावर माणसं मेली. पिठाच्या मालाजवळच फॉलिडॉल नावाचं कीटकनाशक ठेवून ते वाहून आणलं होतं, ते गळून पिठात गेलं. मग चौकशी बसली आणि पुढं १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला, १९७१ चे नियम झाले. म्हंजे माणसं मेल्यावर दहा वर्षांनी कायदा आणि तेरा वर्षांनी नियम. पण झाले ते आपल्या कामाचे आहेत, म्हणून नीट समजून घ्या.

त्या नियमांप्रमाणं प्रत्येक डब्यावर, बाटलीवर एक चौकोन छापावा लागतो. तो पतंगासारखा टोकावर उभा असतो. त्याचे दोन भाग. खालचा भाग रंगीत.

लाल रंग असंल तर सगळ्यात जहाल विष. वर कवटी आणि हाडं असतात, आणि 'विष' असं लिहिलेलं असतं.
पिवळा असंल तर त्याच्या खालोखाल जहाल. वर 'विष' लिहिलेलं.
निळा असंल तर मध्यम. वर 'धोका' लिहिलेलं.
हिरवा असंल तर कमी. वर 'सावधान' लिहिलेलं.

इथं फसू नका. हिरवा म्हंजे चांगलं, पालेभाजीसारखं, असं नाही. हिरवा म्हंजे कमी विष, पण विषच. पिवळा म्हंजे हळद नाही, तो लालच्या अगदी शेजारी बसलेला आहे. हा चौकोन एका मोठ्या कागदावर रंगवून प्रत्येक पाड्यावर शाळेच्या भिंतीला लावायचा. पोरांना पाठ झाला की पोरं घरी सांगतील. बाजारात कुणी फोडलेल्या डब्यातलं, बिनचिठ्ठीच्या बाटलीतलं सुटं देऊ लागला तर घ्यायचं नाही. ज्या बाटलीवर चौकोन नाही तिच्यात काय आहे ते दवाखान्यातला डॉक्टरही सांगू शकणार नाही.

आता जमिनीशी याचा संबंध काय, ते बोलतो. आपल्या नाचणीला, वरईला, उडदाला कोण विष मारतं? फारसं कुणी नाही. त्याची गरजच पडत नाही. मग आपल्या माणसांना विष लागतं कुठं? दुसऱ्याच्या शेतावर. दिवाळी झाली की आपली पोरं जगायला बाहेर पडतात. द्राक्षाच्या बागेत, भाजीच्या मळ्यात, चिकूच्या वाडीत. तिथं पंप कुणाच्या पाठीवर येतो? मालकाच्या मुलाच्या नाही. हातात मोजे नाहीत, तोंडाला फडकं नाही, उघड्या पायानं, वाऱ्याच्या उलट बाजूनं फवारायला लावतात. दुपारी त्याच हातानं भाकरी खायची. संध्याकाळी डोकं दुखतं, उमळतं, डोळ्यापुढं अंधारी येते, लाळ सुटते, घाम सुटतो. मालक म्हणतो, ऊन लागलं. घरी आला तर घरचे म्हणतात, बाहेरचं काही लागलं, भगताकडं न्या. भगताचा मान भगताला, पण हे विष आहे. आधी दवाखाना, मग बाकीचं.

म्हणून मी म्हणतो की धोका काय आहे हे नुसतं सांगून भागत नाही. ज्याच्या हातात जमीन नाही, त्याला "फवारू नको" म्हणून काय उपयोग? नाही म्हटलं तर उद्याची मजुरी गेली. लाखेच्या डाळीचं उदाहरण घ्या. काही भागांत तिला लाखोळी म्हणतात. दुष्काळातही उगवते, कसदार आहे, पण दोन-तीन महिने तीच पोटभर खाल्ली तर पाय लुळे पडतात, आणि ते पुन्हा बरे होत नाहीत. मध्य प्रदेशात रेवा-सतनाकडं वेठीनं राबणाऱ्या मजुरांना मजुरी म्हणून हीच डाळ देत. मालक स्वत: गहू खाई. १९६१ पासून तिच्या विक्रीवर बंदी घालायचा नियम झाला. पण मजुरीत जे मिळेल तेच खाणाऱ्याला त्या नियमाचा काय आधार? त्याला कळत नव्हतं असं नाही. त्याच्यापुढं लुळे पाय आणि रिकामं पोट, एवढे दोनच रस्ते होते. तिसरा रस्ता म्हंजे स्वत:ची जमीन आणि पूर्ण मजुरी. तो कुठल्या सूचनेच्या पाटीत नसतो, तो लढून घ्यावा लागतो.

आता करायचं काय? बोलणं पुरं झालं, कामाचं सांगतो.

कुठलीही योजना, बियाणं, खत, विष, डब्यातलं अन्न, काहीही गावात आलं, तर आणणाऱ्याला सगळ्यांसमोर पाच प्रश्न विचारायचे. एकट्यानं नाही, गावाच्या बैठकीत.

१. हे काय आहे, आणि याला काय लावलेलं आहे?
२. चुकून खाल्लं, अंगावर सांडलं, तर काय होतं, आणि किती दिवसांनी दिसतं?
३. झालं तर उतारा काय, आणि तो जवळच्या दवाखान्यात आज आहे का?
४. हे नाही घेतलं तर दुसरं काय मिळंल? नाही घेतलं म्हणून बाकीच्या योजना बंद करणार का?
५. तुम्ही स्वत: हे खाल का, तुमच्या घरी वापराल का?

उत्तर आपल्या बोलीत घ्यायचं. साहेबाला येत नसंल तर आपल्यातल्या शिकलेल्या पोरानं तिथंच सांगायचं, आणि म्हातारीला कळलं का ते विचारायचं. तिला कळलं म्हंजे गावाला कळलं. उत्तर नाही मिळालं तर सही-अंगठा नाही.

घरात. विषाची बाटली चुलीजवळ, धान्याजवळ, खाटेखाली नको. कुलूप नसंल तर घराबाहेर उंच, पोरांचा हात पोचणार नाही अशी बांधा. रिकाम्या डब्यात तेल, पाणी, रॉकेल, दारू, काही भरायचं नाही. कितीही धुतला तरी नाही. तो ठेचून भोकं पाडून, विहीर-ओढ्यापासून लांब पुरायचा. मासे मारायला पाण्यात विष ओतणाऱ्याला गावानं दंड करावा. आपले जुने लोक गेळाची फळं ठेचून टाकत, त्यानं मासे गुंगत. हे नवं विष त्या जागचं सगळं मारतं आणि मासा खाणाऱ्यालाही सोडत नाही.

कणगीत. धान्य कडकडीत वाळवा. दाण्याला दात लावल्यावर कट्‌कन फुटला पाहिजे. मका, भुईमूग ओला भरू नका, पाऊस लांबला तर चुलीवरच्या माळ्यावर धुरात पसरा. कडुनिंबाचा, निर्गुडीचा पाला, चाळलेली राख, हे आपलं आहे आणि चालतं. बियाण्याची कणसं धुरात टांगा. नाचणी तर वर्षानुवर्षं किडत नाही, म्हणून ती सोडू नका. धान्यात ठेवायच्या ज्या गोळ्या बाजारात मिळतात, त्यांतून वायू निघतो. त्या बंद गोदामासाठी आहेत. झोपतो त्या घरात ठेवल्या तर अख्खं घर सकाळी उठत नाही. त्यावर उतारा नाही. आणायच्याच नाहीत.

विष लागलं तर. माणसाला लगेच वाऱ्यावर आणा. कपडे काढा. साबण-पाण्यानं अंग, केस, नखं धुवा. डोळ्यात गेलं तर साध्या पाण्यानं बराच वेळ धुवा. शुद्ध नसंल तर तोंडात काही घालू नका, मिठाचं पाणी नाही, दूध नाही, ताक नाही. कुशीवर निजवा आणि दवाखान्यात न्या. बाटली किंवा डबा बरोबर न्यायचाच, चिठ्ठी फाडू नका. डॉक्टरला ती बघूनच उतारा ठरवता येतो.

आणि संघटनेनं मागायचं ते हे. बियाणं पेरणीच्या आधी मिळालं पाहिजे, नाहीतर पेरणीनंतर ते गावात उतरवू नये. पिशवीवर मोठ्या मराठी अक्षरांत आणि चित्रात "खाण्याचे नाही" असं असावं, आणि वाटणाऱ्यानं तोंडी सांगितल्याशिवाय वाटू नये. ज्याला आपलं देशी बियाणं पेरायचं त्याच्यावर सक्ती नको. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात अॅट्रोपीनची इंजेक्शनं बारा महिने असावीत. फवारणीच्या पुष्कळ विषांवर तोच उतारा आहे. फवारणीचं काम देणाऱ्या मालकानं मोजे, फडकं, साबण-पाणी आणि उपचाराचा खर्च दिला पाहिजे. आणि जमीन. ती पहिली मागणी आहे आणि शेवटचीही, कारण आपल्या जमिनीवर उभा असलेला माणूसच "हे मला नको" असं म्हणू शकतो.

प्रत्येक पाड्यानं एक बाई आणि एक शिकलेलं पोर निवडावं. पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना त्यांनी आपल्या पाड्यावर कोणकोणती विषं आहेत, कुठं ठेवली आहेत, कुणाला कधी बाधा झाली, योजनेचं बियाणं कोणत्या तारखेला आलं, हे लिहून आणावं. नाव लिहिता येत नसंल तर डब्यावरची चिठ्ठी काढून आणा. ते सगळं जमवून तहसीलदारांकडं, शेतकी खात्याकडं निवेदन जाईल. त्याची नक्कल पुढच्या अंकात छापू.

आणि घरी गेल्यावर आज संध्याकाळीच एक काम करा. फळीवरची ती बाटली खाली उतरवा, पोरांना समोर बसवा आणि सांगा, हे औषध नाही, हे विष आहे.

जिंदाबाद.